आधी तिथी, मग ठिकाण: ठाणे–नवी मुंबईतून एका दिवसाची भटकंती

ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्याला डोंगरही जवळ आणि पाणीही जवळ. एकीकडे येऊर, पारसिक, खारघर, प्रबळ. दुसरीकडे खाडी, उरण आणि पुढे अलिबाग. ठिकाणांना तोटा नाही. तरीही रविवारी संध्याकाळी बरेच जण वैतागून घरी येतात, आणि दहातल्या आठ वेळा त्याचं कारण एकच असतं: जागा बरोबर, वेळ चुकीची. भर ओहोटीत ऐरोलीला गेलात तर बोट हलत नाही. भरतीत अलिबागला पोचलात तर कुलाबा किल्ला समोर दिसतो, पण वाट पाण्याखाली. कर्नाळ्याला अकरा वाजता चढायला घेतलंत तर सुळक्याच्या आधीच पाणी संपतं. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघावी.

कोळीवाड्यांत चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की आली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास मागेपुढे पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध आणि वद्य असा फरक नाही, विनायकी असो की संकष्टी, भरती तीनलाच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

हा हिशेब ढोबळ आहे आणि कुठे ढळतो तेही ठाऊक असावं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडतो. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, त्यामुळे एका तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटं येतात. आपण धरतो ४५. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडत पडत पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाची तूट होते. म्हणूनच हिशेबाने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि प्रत्यक्षात बाराच्या आसपास. तिथी दिवसाच्या मध्यात बदलत असेल तर आणखी थोडा फरक. शिवाय खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा चढतं. तेव्हा दिवस निवडायला तिथी वापरावी, आणि निघायच्या आदल्या रात्री मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून मिनिटं आणि मीटर बघावेत.

मीटर का, तर सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. अष्टमी-नवमीला भांग. तेव्हा पाणी ना नीट चढतं ना नीट उतरतं. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल जात नाहीत. निम्मे लोक फक्त वेळ बघतात आणि इथेच फसतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास: रोहित (फ्लेमिंगो)

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस किलोमीटर, त्यातला मोठा भाग तिवरांचा. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही ओळख, मिळाला. बघायला जायचं ते ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात. बोट तिथूनच सुटते. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. नोव्हेंबरात हजेरी तुरळक असते. खरी गर्दी जानेवारीनंतर, आणि माझ्या मते फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगले, कारण पक्षी भरपूर असतात आणि ऊन अजून सोसवतं. केंद्र सोमवारी बंद असतं.

बोटीच्या वेळा रोज बदलतात, त्या पाण्यावर ठरतात. जेट्टीपाशी पुरेसं पाणी चढल्याशिवाय बोट निघत नाही. पण रोहित खातात ते उघड्या चिखलावर आणि उथळ पाण्यात. पाणी पूर्ण चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी उठून दुसरीकडे जातात. म्हणजे हवी असते ती मधली वेळ: बोट तरंगण्याइतकं पाणी, पण चिखल अजून उघडा. त्यामुळे दिवसात दोन-तीन फेऱ्या असतील तर भरतीच्या आधीची, पाणी चढत असतानाची फेरी घ्यावी. नेमक्या भरतीच्या फेरीत खाडी भरलेली आणि देखणी दिसते, पक्षी मात्र लांब आणि पांगलेले असतात.

तिथीच्या भाषेत सांगायचं तर द्वादशी ते पौर्णिमा-अमावास्या आणि पुढे तृतीयेपर्यंतचे दिवस. त्या दिवसांत भरती सकाळी नऊ ते दुपारी सव्वादोन या पट्ट्यात येते. त्यातही चतुर्दशीच्या आसपास गेलात तर फेरी सकाळची मिळते आणि उन्हाचा त्रास होत नाही. अष्टमीच्या रविवारी बोटीची आशा धरू नका. भर दुपारी ओहोटी असते. तिकीट आधी ऑनलाइन काढावं. शनिवार-रविवारच्या जागा हंगामात लवकर भरतात.

बोटीत बसताना उजेडाचा विचार करा. सकाळी सूर्य नवी मुंबईच्या डोंगरांवरून येतो, त्यामुळे भांडुप-विक्रोळीच्या बाजूच्या पक्ष्यांवर उजेड समोरून पडतो आणि गुलाबी रंग खुलतो. ऐरोलीच्या बाजूचे पक्षी उजेडाविरुद्ध नुसते काळे आकार दिसतात. दुपारनंतर उलट. दुर्बीण ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. १२ पट मोठं दाखवणारी दुर्बीण बोटीच्या हेलकाव्यात हातात स्थिर राहत नाही. मोबाइलने फोटो काढायचा तर थव्याचा काढा, एकट्या पक्ष्याचा नाद सोडा. मोठा रोहित आणि लहान रोहित चोचीवरून ओळखावेत: मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहानाची गडद लालसर-काळी. इथे संख्येने लहान जास्त. करडे, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातल्या शैवालातून चढतो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. ड्रोन उडवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एक ड्रोन खाली आला की अख्खा थवा उठतो आणि सगळ्यांची फेरी वाया जाते.

बोटीनंतरही दिवस उरतो. पाणी पूर्ण चढलं की खाडीतून उठलेले रोहित नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन बसतात. एनआरआय संकुलामागची पाणथळ, चाणक्य संस्थेजवळची आणि डीपीएस शाळेमागचं तळं, या तीन जागा. भरतीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत थांबलात तर पक्षी पायी चालत जाऊन, किनाऱ्यावर उभं राहून, बोटीपेक्षा जवळून दिसतात. पैसे लागत नाहीत. सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षा करावी. पाम बीच रोडच्या कडेला गाडी लावायच्या फंदात पडू नये. डीपीएस तळ्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तळं सुकतं किंवा शेवाळानं भरतं आणि पक्षी फिरकत नाहीत. गेल्यावर तळ कोरडा दिसला तर तिथे वाट बघत बसू नका, सरळ एनआरआयच्या बाजूला जा.

द्वितीया ते पंचमी: अलिबागचा कुलाबा किल्ला

इथे सगळं उलटं. खाडीला भरती हवी, किल्ल्याला ओहोटी. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात. बांधणी शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केली, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते मुख्य ठाणं झालं. ओहोटीत चालत जाता येतं, भरतीत नावेने.

उधाणाच्या ऐन दिवशी ओहोटी सर्वांत खोल जाते हे खरं, पण तेव्हा ती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. एकीला ठाण्याहून पोचता येत नाही आणि दुसरीला अंधार पडतो. भांगात ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची. पण पाणी उतरतच नाही, वाटेत मांडीएवढं राहतं. या दोन्हींच्या मधले दिवस म्हणजे द्वितीया ते चतुर्थी: ओहोटी साडेसात ते नऊ, आणि उधाणाचा जोर अजून टिकून असतो. पंचमीला पावणेदहाची ओहोटी मिळते, पण घोटा-पोटरीएवढं पाणी धरून चला.

किनाऱ्यावरून ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्याकडे तोंड करावं. वाळू आणि खडक दोन्ही आहेत, खडकांवर शेवाळ. रबरी चपलांचा पट्टा चिखलात तुटतो, मागे पट्टा असलेली सँडल घाला. लोक अडकतात ते असे: आत सिद्धिविनायकाचं मंदिर, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि उत्तरेच्या तटावरच्या तोफा बघता बघता वेळ जातो, आणि बाहेर आल्यावर वाटेतला सखल भाग आधीच भरलेला असतो. पाणी समोरून लाटेसारखं येत नाही, दोन्ही बाजूंनी गुपचूप भरतं. अशा वेळी पोहत-चालत निघू नका. नाव मिळेपर्यंत किल्ल्यातच थांबा.

जायचे दोन रस्ते. गाडीने पनवेल-पेण-वडखळ, आणि चतुर्थीची नऊची ओहोटी गाठायची तर वाशीहून पहाटे पाचला निघायला हवं, कारण वडखळच्या अलीकडे-पलीकडे सुट्टीच्या दिवशी गाड्या अडतातच. मला दुसरा रस्ता जास्त आवडतो: नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल (ती जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोचली), तिथून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने रेवस आणि रेवसहून एसटी किंवा सहा आसनी रिक्षाने अलिबाग. लाँचमध्ये दुचाकीही चढवता येते. अडचण अशी की रेवसच्या धक्क्यापाशी गाळ साचतो आणि भर ओहोटीत लाँच रखडते. किल्ल्याला जी ओहोटी हवी तीच लाँचला नको!

यावर उपाय पंचमी. भरती पावणेचार, ओहोटी पावणेदहा. सकाळी सातच्या आसपास करंजाला पोचलात तर पाणी अर्ध्यावर असतं, लाँच निघते. नऊच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर, अकरापर्यंत परत. जेवून दुपारी रेवस गाठा, चारच्या आसपास पाणी भरलेलं असतं. उरण लोकलच्या फेऱ्या वाशी-ठाण्यासारख्या नाहीत. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं, म्हणून पहिल्या आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून ठेवावी. पावसाळ्यात हा बेत आखू नये.

घारापुरीचं थोडक्यात: उरणच्या किनाऱ्यावरून हाकेच्या अंतरावर वाटतं, पण नेहमीच्या बोटी गेटवेवरून. सोमवारी लेणी बंद. सकाळची पहिली बोट घ्यावी. अकरानंतर वरच्या पायऱ्यांवर चालायला जागा नसते.

सप्तमी ते दशमी: डोंगर

भांगाच्या दिवसांत खाडी-किनाऱ्याकडे बघूच नये, डोंगराकडे वळावं. डोंगराला तिथी लागत नाही, घड्याळ लागतं.

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलहून १२ किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच. पनवेल स्थानकावरून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी पकडावी आणि चढतानाच वाहकाला अभयारण्याचा थांबा हवा असं सांगावं. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. सरळ स्टीलच्या बाटल्या न्या.

आत दोन वेगळे बेत आहेत आणि ते एका दिवशी एकत्र करू नयेत असं माझं ठाम मत आहे. पक्षी बघायचे तर फाटक उघडताच आत जाऊन हरियाल आणि मोरटाका या सपाट वाटांवर हळू फिरायचं. श्यामा, भृंगराज, स्वर्गीय नर्तक हे सगळे झाडीत असतात, आणि नऊनंतर महामार्गाचा आवाज आणि सहलींचा गलका वाढला की दिसेनासे होतात. पावसाच्या सुरुवातीला तीनबोटी खंड्या इथे विणीसाठी येतो. त्याच्या घरट्याजवळ कॅमेरे घेऊन गर्दी करू नये, आईबाप घरटं सोडतात.

दुसरा बेत किल्ल्याचा. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटर, चढायला दीड तास. पहिला टप्पा दाट झाडीतला आणि उभा आहे. तिथे सावली असते पण वारा नसतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. दम लागतो तो चढापेक्षा या हवेमुळे. नंतर धारेवर वाट सपाट होते, वारा लागतो, पण सावली जाते. म्हणून सातला चढायला लागून नऊपर्यंत वर पोचावं. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. सुळक्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नये.

सुळका सुमारे १२५ फूट उंच आणि त्यावर आग्या मोहोळं. तिथे धूर, फटाके, आरडाओरडा काहीही नको, तीव्र अत्तर लावूनही जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. डोकं-तोंड कापडाने झाका आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने खाली झाडीत शिरा. माकडांचा उपद्रव खालच्या विसाव्याजवळ जास्त, पिशवी उघडी ठेवली की संपलं.

ज्यांना चढ नको त्यांनी कान्हेरीला जावं. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवली, राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकातून लेण्यांपर्यंत वाहन मिळतं. येऊरच्या बाजूने जंगलातून चालत कान्हेरीला जाण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. परवानगीशिवाय ते चालत नाही, आणि तिथे बिबटे आहेत. सोमवारी उद्यान बंद. शंभरावर लेणी आहेत, पण बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि व्हरांड्यातले दोन उंच बुद्ध बघून परततात. पुढे चढून ४१व्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बघावा. गर्दी तिथवर जात नाही. काळा कातळ साडेदहानंतर तापतो आणि अनवाणी पाय ठेववत नाही. आधी वरची लेणी, उतरताना खालची, असा क्रम ठेवावा.

कलावंतीण आणि प्रबळगड हे मात्र सवयीच्या लोकांसाठी. पायथा ठाकूरवाडी, पनवेलहून एसटी आहे. प्रबळमाचीवर ठाकरांच्या घरी जेवण सांगता येतं. चढतानाच ऑर्डर द्या, उतरल्यावर तयार मिळतं. कलावंतिणीच्या कोरीव पायऱ्यांना कठडा नाही आणि शेवटचा टप्पा दोराचा. चढताना भीती वाटत नाही. घोळ उतरताना होतो, कारण तेव्हा दरी समोर असते आणि खालून येणाऱ्यांना वाट द्यावी लागते. ज्याला उंचीची भीती आहे त्याने माचीवरच थांबावं, तिथून दिसतंही छान.

पाऊस

जून ते सप्टेंबर वरचं गणित बदलतं. खारघरचा पांडवकडा शंभर मीटरच्या वर उंच आहे आणि नवी मुंबईतून दिसतो, म्हणून सगळ्यांना तिकडे जावंसं वाटतं. तिथे पावसाळ्यात मनाई असते, आणि ती नुसती कागदावरची नाही. पाणी गोळा होतं ते वरच्या पठारावर. खाली ऊन असताना वर सर आली की काही मिनिटांत ओढा गुडघ्यावरून छातीपर्यंत येतो. सोबत कड्यावरून सुटलेले दगडही. कुठल्याही ओढ्यात असाल तर एक खूण लक्षात ठेवा: स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं आणि पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या की सामान उचलायलाही थांबू नका. काठावर चढा, आणि ज्या बाजूने परतायचं आहे त्याच काठावर. येऊरच्या ओढ्यांनाही हेच लागू. इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून वस्ती गाडली गेली. तेव्हापासून पावसात डोंगराच्या कुशीतल्या वाटांबाबत प्रशासन कडक आहे, तेव्हा निघण्याआधी चालू मनाई आदेश बघा.

पावसात माथेरान सोयीचं पडतं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल साधारणपणे चालू असते. नेरळहून सामायिक टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जावं. पुढे खासगी वाहन जात नाही. लाल मातीचा चिखल कपड्यांतून निघत नाही, पांढरं काही घालू नका.

आणि पावसातही तिथी सुटत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की शहराचं पाणी खाडीत उतरत नाही. नवी मुंबईचे बरेच विभाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत. भरतीत धारण तलावांची (शहराचं पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तळ्यांची) खाडीकडची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी आतच साठतं. जून ते ऑगस्टमधल्या अशा मोठ्या भरत्या पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे आणि दुपारी बारा ते दोनच्या सुमारास येतात. त्या दिवशी बाहेर असाल तर परतीचा प्रवास एक तर अकराच्या आत संपवा, नाही तर चारनंतर सुरू करा. मधल्या वेळात जिथे आहात तिथेच चहा घ्या.